‘रेंज कुणाची येते?’ सातारा-सांगलीतला हा प्रश्न फाईव्ह स्टार रेटिंगपेक्षा भारी का ठरतो

सातारा किंवा सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या गावात पहिल्यांदा मुक्कामाला जाताय? चहापाणी झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. “तुमच्याकडं रेंज कुणाची येते?”

सोयरीक बघायला आलेले पाहुणे असोत, बदली होऊन आलेले गुरुजी असोत की कास बघून बामणोलीला उतरलेली पोरं असोत, सगळे हेच विचारतात. आणि उत्तरही ‘अमकी कंपनी एक नंबर’ असं कधी येत नाही. “त्याची घरात येत नाय, गोठ्यापाशी येतीय. ह्याची माळावर फुल्ल. लाईट गेली की दोन्ही गुल.” इतकं नेमकं उत्तर मिळतं.

आता हाच प्रश्न इंटरनेटवर विचारून बघा. तिथं ४.२ स्टार, ३.९ स्टार, ‘सर्वात वेगवान नेटवर्क’ असं काहीबाही दिसेल. गोठा आणि माळ कुठंच दिसणार नाही.

माझंच सांगते. शहरात राहत असताना मी रेटिंग आणि स्पीडचे आकडे बघून नंबर पोर्ट केला. शहरात सगळं झकास चाललं. मग शिराळा तालुक्यातल्या नातेवाईकांकडं गेले, तर तिथं फोनचा उपयोग फक्त टॉर्चसाठी. परत जुन्या कंपनीत जावं म्हटलं तर कळलं, आता ९० दिवस थांबायचं. तीन महिने तिकडं गेले की बॅटरी घेऊन गेल्यासारखंच. चूक माझीच होती. मी ‘नेटवर्क कसं आहे’ हे विचारलं होतं, ‘कुठं कसं आहे’ हे विचारलंच नव्हतं.

म्हणूनच हा सगळा विषय जरा नीट समजून घेऊ.

सरासरी नावाची गडबड

टेलिकॉमच्या नकाशात सातारा, सांगली असे जिल्हे नसतात, तिथं ‘सर्कल’ असतात. आपलं सर्कल महाराष्ट्राचं. त्यात मुंबई आणि तिच्या आसपासचा भाग येत नाही, कारण त्याचं सर्कल वेगळं आहे. पण गोवा मात्र आपल्यात येतो. म्हणजे नागपूर, पुणे, पणजी, जत आणि पाटण हे सगळे एकाच सर्कलमध्ये.

अशा सर्कलचा एखादा सरासरी आकडा काढला, तर त्यात पुण्याच्या कोथरूडमधल्या फोनचं आणि कोयनाकाठच्या वाडीतल्या फोनचं वजन सारखं नसतं. कारण स्पीड टेस्ट करणारे लोक जास्त शहरात असतात. सांगली-मिरज-कुपवाड, सातारा, कराड इथून हजारो टेस्ट होतील, एखाद्या वाडीतून एकही होणार नाही.

आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे रिव्ह्यू द्यायलाही रेंज लागते. ज्या गावात नेटवर्कच नाही, त्या गावाचा एक स्टारसुद्धा कुठं नोंदवला जात नाही. सगळ्यात नाराज माणूस मतदानालाच येत नाही आणि निकाल मात्र चांगला लागतो.

हा प्रश्न किती मोठा आहे? केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये ४जी सॅच्युरेशन प्रकल्पाला मंजुरी दिली, तेव्हा देशातल्या २४,६८० गावांपर्यंत ४जी पोहोचवायचं ठरवलं होतं. त्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची तरतूद झाली. म्हणजे शहरात ५जी येणार याची चर्चा चालू होती, तेव्हा हजारो गावं ४जीची वाट बघत होती.

एकाच जिल्ह्यात इतका फरक का?

सातारा जिल्ह्यात अकरा तालुके आहेत आणि सांगलीत दहा. पण जमीन बघितली तर इथं दोन वेगळी जगं आहेत.

शिरवळपासून सातारा, कराड, पेठ नाक्यापर्यंतचा पुणे-बंगळूर महामार्गाचा पट्टा आणि कृष्णाकाठ. इथं लोकवस्ती दाट, जमीन बऱ्यापैकी सपाट आणि ग्राहक भरपूर. साहजिकच प्रत्येक कंपनीचे टॉवर इथं आहेत.

दुसरीकडं महाबळेश्वर, जावळी, पाटण आणि शिराळ्याचा पश्चिम भाग. सह्याद्रीचे कडे, घनदाट झाडी, कोयनेचा शिवसागर जलाशय, चांदोलीचं जंगल. कांदाटी खोऱ्यातल्या वाड्या तर जलाशयाच्या पलीकडं. मोबाईलच्या लहरींना डोंगर ओलांडता येत नाही. टॉवर दोन किलोमीटरवर असला तरी मध्ये डोंगराची सोंड आली की मागच्या बाजूला रेंजची सावली पडते. म्हणून एकाच वाडीत वरच्या आळीला चार काड्या आणि खालच्या आळीला एकही नाही, असं होतं.

त्यात फ्रिक्वेन्सीचा खेळ असतो. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झसारख्या कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. ५जीसाठी वापरली जाणारी ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर भरपूर डेटा वाहून नेते, पण तिचा पल्ला कमी. त्यामुळं शहरात वेगाच्या स्पर्धेत पुढं असणारी कंपनी डोंगरात मागं पडू शकते आणि शहरात जिला कुणी विचारत नाही ती वाडीत राजा असू शकते. दोन्ही मतं खरी असतात, फक्त जागा वेगळी असते.

पूर्वेला जत तालुक्यात तिसराच प्रकार बघायला मिळतो. तिथं डोंगर नाहीत, पण वस्त्या लांब लांब आहेत आणि पलीकडं कर्नाटकाची हद्द आहे. सीमेवरच्या गावात फोन कधीकधी कर्नाटक सर्कलचा टॉवर पकडतो. ‘आपल्या सर्कलचं’ रेटिंग तिथं आणखी बिनकामाचं.

स्टार नक्की कोण देतं?

हा घोळ फक्त सिमकार्डाचा नाही. महाबळेश्वरच्या हॉटेलचं उदाहरण घ्या. मे महिन्यात थंड हवा खायला आलेल्या माणसानं पाच स्टार दिले. ते वाचून तुम्ही जुलैत गेलात. धो धो पाऊस, धुकं, भिंतीला ओल, गादी दमट. आधीचा माणूस खोटं बोलला का? नाही. तो मे महिन्यातलं बोलला, एवढंच.

म्हणजे कुठलंही मत वाचताना तीन गोष्टी बघायच्या. कुणी दिलं, कुठून दिलं आणि कधी दिलं. ‘मस्त’, ‘बकवास’ हे शब्द त्यानंतर बघायचे.

अर्थात काही रिव्ह्यू सरळसरळ विकत घेतलेलेही असतात. त्याला चाप लावायला भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं. ऑनलाईन रिव्ह्यू कसे गोळा करायचे, कसे तपासायचे आणि कसे छापायचे याचे नियम त्यात आहेत. रिव्ह्यू देणारा खरा आहे का याची खातरजमा करावी, विक्रेत्यानं स्वतःच्याच माणसांकडून लिहून घेतलेलं मत छापू नये, अशा अपेक्षा त्यात आहेत. मात्र हे मानक ऐच्छिक स्वरूपात लागू झालं. म्हणजे पाळलं तर चांगलंच, नाही पाळलं तरी दुकान चालू.

सरासरी फसवते हे मोठ्या कंपन्यांनाही कळलेलं आहे. गुगलनं नोव्हेंबर २०२१ पासून प्ले स्टोअरवरची अ‍ॅपची रेटिंग देशानुसार दाखवायला सुरुवात केली. एका देशातल्या अडचणीमुळं दुसऱ्या देशातल्या लोकांना चुकीचं चित्र दिसू नये, हा त्यामागचा विचार. चांगलं पाऊल आहे. पण वांद्रे आणि विटा अजूनही एकाच सरासरीत बसतात.

ब्राउझरचं मत आणि रेंजचं नातं

ब्राउझरचा रेंजशी काय संबंध, असं वाटेल. पण संबंध आहे.

२जीचा काळ आठवा. पेज उघडायला लागायचं आणि तोवर चहा होऊन यायचा. तेव्हा आपल्याकडं ऑपेरा मिनी आणि यूसी ब्राउझर यांचा बोलबाला होता. कॉलेजच्या कट्ट्यावर ‘यूसीच भारी’ हे मत पक्कं होतं. कारण हे ब्राउझर पेज आधी आपल्या सर्व्हरवर आणून दाबून लहान करायचे आणि मग फोनवर पाठवायचे. डेटा कमी लागायचा, पेज लवकर उघडायचं. म्हणजे लोकांना ब्राउझर आवडत होता, त्याचं खरं कारण कमकुवत नेटवर्क होतं.

मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि डेटा वाचवण्याची गरजच कमी झाली. २९ जून २०२० ला केंद्र सरकारनं ज्या ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात यूसी ब्राउझरही होता. सरकारनं कारण दिलं होतं देशाच्या सुरक्षेचं आणि लोकांच्या माहितीच्या गोपनीयतेचं. आता विचार करा. ‘फास्ट आहे’ म्हणून स्टार देणाऱ्या कुणालाही आपली माहिती कुठं जाते हे दिसत नव्हतं. स्टार दिसणाऱ्या गोष्टीलाच मिळतात, न दिसणाऱ्या गोष्टीचं मत कुणीच देऊ शकत नाही.

आज बहुतेकांच्या अँड्रॉईड फोनमध्ये क्रोम असतो. तो आपण निवडलाय का? बहुतेकांनी नाही, तो फोनबरोबरच आला. अँड्रॉईडच्या बाजारातल्या ताकदीचा गैरवापर केला म्हणून भारतीय स्पर्धा आयोगानं २० ऑक्टोबर २०२२ ला गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोनमध्ये आधीच भरून दिलेली अ‍ॅप हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. दुसरीकडं केंद्र सरकारनं देशी ब्राउझरसाठी स्पर्धा घेतली आणि मार्च २०२५ मध्ये त्यात झोहोचा ‘उला’ पहिला आला.

थोडक्यात, ‘सगळे वापरतात’ म्हणजे ‘सगळ्यांनी निवडलं’ असं नसतं. गावात एकच टॉवर असेल तर सगळ्यांकडं त्याच कंपनीचं सिम असणार. ते काय प्रेमाचं लक्षण नव्हे.

मग आपल्या वाडीचं खरं कसं कळणार?

एक. फोनलाच विचारा. सेटिंगमध्ये सिम किंवा मोबाईल नेटवर्कमध्ये जाऊन ‘आपोआप निवडा’ हा पर्याय बंद करा. फोन मिनिटभर शोधतो आणि त्या जागेवर कुठल्या कुठल्या कंपन्यांचे सिग्नल पकडले जातायत याची यादी दाखवतो. त्या कंपन्यांचं सिम तुमच्याकडं नसलं तरी चालतं. घरात, अंगणात, शेतात अशा तीन ठिकाणी हे करा. यादीत नाव आलं म्हणजे स्पीड चांगलाच असेल असं नाही, पण नाव आलंच नाही तर ते सिम घेण्यात अर्थ नाही. काम झालं की ‘आपोआप’ परत चालू करायला विसरू नका.

दोन. कंपनीचा नकाशा बघा. ट्रायच्या २०२४ च्या सेवा गुणवत्ता नियमांनुसार कंपन्यांना २जी, ३जी, ४जी, ५जी कुठं मिळतं याचे नकाशे आपल्या वेबसाईटवर टाकावे लागतात. गावाचं नाव टाकून बघा. पण नकाशा हा अंदाज असतो. डोंगराच्या सावलीत तो चुकू शकतो.

तीन. दूरसंचार विभागाचं ‘तरंग संचार’ पोर्टल आहे. तिथं आपल्या आसपास कुठं आणि कुणाचे टॉवर आहेत हे नकाशावर दिसतं. टॉवर आणि तुमचं घर यांच्यामध्ये डोंगर येतो का, हे तुमच्याइतकं दुसरं कोण सांगणार?

चार. शेजाऱ्याच्या फोनवर ट्रायच्या मायस्पीड अ‍ॅपवरून टेस्ट करा, आणि तीही रात्री नऊच्या सुमारास. दुपारी तीनला टॉवर मोकळा असतो. जेवणं झाल्यावर सगळं गाव रील बघायला बसतं, तेव्हा जो वेग मिळतो तो खरा.

पोर्ट करताना हे लक्षात ठेवा

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभरात २० जानेवारी २०११ पासून आहे. सुरुवातीला ती सर्कलपुरतीच होती, जुलै २०१५ पासून देशात कुठंही चालते.

PORT हा शब्द इंग्रजी कॅपिटलमध्ये, मग एक जागा सोडून आपला नंबर, आणि मेसेज १९०० वर. उत्तरात यूपीसी हा कोड येतो. आपल्या भागात तो चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. सर्कलमधल्या सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमधून येत असाल तर पाच.

अटी कुठल्या? आताच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण हवेत. पोस्टपेडचं बिल थकलेलं नको. सिम हरवून नवं घेतलं असेल तर १ जुलै २०२४ पासून सात दिवस थांबावं लागतं, कारण चोरलेल्या नंबरवर होणारी फसवणूक रोखायची आहे. प्रीपेडमध्ये शिल्लक राहिलेला बॅलन्स नव्या कंपनीत येत नाही. आणि रिचार्ज संपला असला तरी १९०० वर मेसेज जायलाच हवा, असा ट्रायचा डिसेंबर २०२१ चा आदेश आहे.

म्हणून माझ्यासारखं करू नका. आधी त्या कंपनीचं सिम असलेल्या माणसाला दोन दिवस घरी बोलवा. पाहुणचारही होईल आणि टेस्टही.

हे सगळं एवढं महत्त्वाचं का?

रील बघायला थोडा उशीर झाला तर काही बिघडत नाही. पण आता बँक, रेशन, सरकारी योजना सगळं ओटीपीवर आलंय. तो दहा मिनिटांत टाकायचा असतो आणि टेकडीवर चढायलाच वीस मिनिटं लागतात.

आणि मग पावसाळा. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथं दरडी कोसळून माणसं गेली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा वेळी ‘कुणाचं नेट फास्ट’ हा प्रश्न उरत नाही. फोन लागतो की नाही, एवढंच उरतं.

इथं दोन गोष्टी माहीत असायला हव्यात. पहिली, दोन कंपन्यांची दोन सिम ठेवली म्हणजे आपण सुरक्षित, हा समज अर्धाच खरा आहे. अनेकदा दोन-तीन कंपन्यांची यंत्रं एकाच टॉवरवर बसवलेली असतात. वीज गेली, बॅटरी उतरली, जनरेटरचं डिझेल संपलं की सगळ्यांची रेंज एकदमच जाते. म्हणून ‘लाईट गेल्यावर किती वेळ रेंज टिकते?’ हा प्रश्न गावात जरूर विचारा. याचं उत्तर कुठल्याच रेटिंगमध्ये नसतं.

दुसरी गोष्ट, फोनवर ‘फक्त इमर्जन्सी कॉल’ असं दिसत असेल तर ११२ लावून बघा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर जवळ असेल तर त्यावरून हा कॉल जाऊ शकतो. कुणाचाच टॉवर नसेल तर मात्र इलाज नाही.

रेंजच नाही, मग तक्रार कुठं करायची?

एक स्टार देऊन राग निघतो, टॉवर दुरुस्त होत नाही. आधी कंपनीच्या तक्रार केंद्राला १९८ वर फोन करा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडं ३० दिवसांत अपील करता येतं. त्यावर ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो.

तिथंही काही झालं नाही तर सातारा आणि सांगली दोन्हीकडं जिल्हा ग्राहक आयोग आहेत. टेलिकॉम कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालू शकतात, हे सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

एखाद्या जिल्ह्यात नेटवर्क २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिलं तर पोस्टपेड ग्राहकाला बिलात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला वाढीव दिवस द्यावेत, असंही २०२४ चे नियम सांगतात. पण नैसर्गिक आपत्तीमुळं बंद पडलं तर ही भरपाई नाही. म्हणजे पुरात गेलं तर काही मिळणार नाही.

तक्रार करताना एक काळजी घ्या. ‘तुमचं नेटवर्क बेकार आहे’ असं लिहू नका. गाव, वाडी, कुठल्या तारखेला, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, घरात की बाहेर, शेजारच्या किती घरांत तोच त्रास, हे लिहा. एकट्यानं न करता चार-पाच घरांनी मिळून करा. तक्रारीत जागा नेमकी असली की कंपनीला ती सर्कलच्या सरासरीत बुडवता येत नाही.

आणि पुढच्या वेळी तुम्ही रिव्ह्यू द्याल तेव्हाही असंच लिहा. स्टार कितीही द्या, पण सोबत गावाचं नाव टाका. त्या गावात बदली होऊन येणाऱ्या गुरुजींना तेवढंच हवं असतं.